कयाक छायाचित्रण

कयाक छायाचित्रण म्हणजे कयाक या अरुंद व हलक्या नौकेत बसून केले जाणारे छायाचित्रण. कयाक चालवणारी व्यक्ती पाण्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ लागून बसलेली असते आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे दोन्ही हातांनी मारते. छायाचित्र घेण्यासाठी मात्र किमान एक हात, आणि बहुधा दोन्ही हात, वल्ह्यावरून काढावे लागतात. तेवढा वेळ नौका वारा, लाटा आणि प्रवाह यांच्या स्वाधीन असते. या प्रकारच्या छायाचित्रणातील साधने, तंत्र आणि सुरक्षेचे संकेत बहुतांशी या एकाच अडचणीतून निर्माण झाले आहेत.

महाराष्ट्रात पुण्याजवळील धरणांचे जलाशय, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाड्या आणि शेजारच्या गोव्यातील कांदळवने या ठिकाणी हौशी मंडळी असे छायाचित्रण करतात. उजनी जलाशयावरील पक्षिछायाचित्रण प्रामुख्याने मच्छीमारांच्या होड्यांतून होते. तथापि त्याचे तंत्र व शिस्त कयाकलाही लागू पडते.

इतिहास

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इन्युइट, युपिक व अल्यूट लोकांची शिकारी नौका. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवली जात असे. बसण्याची जागा खोलगट, आकार बुटका आणि चालताना आवाज जवळजवळ नाही, ही तिची वैशिष्ट्ये सावजाच्या जवळ जाण्यासाठी उपयोगी होती. वन्यजीवांचे छायाचित्रण करणाऱ्यांना आज ती याच कारणांसाठी आवडते.

कॅमेऱ्याने कयाक प्रथम बाहेरून पाहिली. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या 'नॅनूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) या मूकपटात इन्युइट कुटुंबाची कयाक दिसते. एडवर्ड कर्टिस यांनी १९२७ मध्ये अलास्कातील नुनिव्हाक बेटावर कयाक व ती चालवणाऱ्यांची छायाचित्रे घेतली. ही छायाचित्रे कयाकची आहेत, कयाकमधून घेतलेली नाहीत. तो पालट घडण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक होत्या: प्रवासात सोबत नेता येईल अशी घडीची कयाक आणि खिशात मावेल असा कॅमेरा. जर्मनीतील क्लेपर कंपनीने १९०७ पासून घडीच्या कयाकचे उत्पादन सुरू केले होते, तर ३५ मिमी फिल्मवर चालणारा लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला.

या दोहोंच्या संगमाचे भारताशी जोडलेले उदाहरण म्हणजे ऑस्कर स्पेक हा जर्मन प्रवासी. १९३२ मध्ये तो उल्म येथून घडीच्या कयाकमधून डॅन्यूब नदीत उतरला आणि किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करीत १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील टॉरेस सामुद्रधुनीत पोहोचला. दरम्यान दुसरे महायुद्ध सुरू झालेले असल्यामुळे तेथे त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. १९३० च्या दशकाच्या मध्यास त्याने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून सिलोनपर्यंत मजल मारली होती. त्याने वाटेत घेतलेली छायाचित्रे व चलचित्रे आज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. कयाक छायाचित्रणाच्या आरंभीच्या मोठ्या संग्रहांत त्यांची गणना करता येते. हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरने १९५६ मध्ये क्लेपरच्या घडीच्या कयाकमधून एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडला. 'लाइफ' या अमेरिकी नियतकालिकाने पुढच्या वर्षी त्याचा वृत्तान्त मुखपृष्ठावर घेतला.

जलरोधक कॅमेऱ्यांच्या वाटचालीत १९६३ चा निकोनॉस हा महत्त्वाचा टप्पा होय. जाक कूस्तो यांच्यासाठी विकसित झालेल्या 'कॅलिप्सो' या कॅमेऱ्याचा तो पुढचा अवतार. २००४ मध्ये आलेल्या गोप्रोने अंगाला, शिरस्त्राणाला किंवा नौकेला जखडता येणारा लहान कॅमेरा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणला. त्यामुळे हात वल्ह्यावर असतानाही चित्रण चालू ठेवता येऊ लागले. मात्र चौकट नेमकी निवडणे, योग्य क्षणाची वाट पाहणे आणि दूरचे जवळ आणणे या गोष्टी अशा कॅमेऱ्याला साधत नाहीत. म्हणून हाताने वापरायच्या कॅमेऱ्याची गरज संपली नाही.

पाण्यालगतची नजर

कयाकमध्ये बसलेल्या व्यक्तीचे डोळे पाण्यापासून सुमारे पाऊण मीटर उंचीवर असतात. एवढ्या उंचीवरून मोकळ्या पाण्यावर क्षितिज अवघ्या तीन किलोमीटरच्या आसपास येते. वीस मीटरवरील बदक होडीत उभ्या असलेल्या माणसाला वरून दिसते आणि त्याच्यामागे पाणीच पाणी येते. तेच बदक कयाकमधून जवळजवळ समोरासमोर दिसते आणि त्याच्यामागे दूरचा काठ, झाडे किंवा आकाश येते. पार्श्वभूमी दूर गेल्यामुळे ती चित्रात धूसर होते व पक्षी उठून दिसतो. किनाऱ्यावरून किंवा पुलावरून कितीही शक्तिशाली भिंग वापरले तरी हा परिणाम मिळत नाही. कारण तो भिंगाचा नसून उंचीचा असतो.

याच कमी उंचीमुळे काही गोष्टी अशक्यही होतात. पाण्यावरील चकाकी घालवण्यासाठी छायाचित्रकार ध्रुवण फिल्टर, म्हणजे पोलरायझर, वापरतात. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करीत असताना हा फिल्टर सर्वाधिक परिणामकारक ठरतो. पाऊण मीटर उंचीवरून हा कोन कयाकपासून साधारण एक मीटर अंतरावरच्या पाण्याशी होतो. त्यापलीकडचे पाणी अधिकाधिक आरशासारखे वागते आणि फिल्टर फिरवूनही त्याच्या तळातले काही दिसत नाही. कयाकलगतच्या पाणवनस्पती किंवा खडक टिपायचे असतील तर हा फिल्टर उपयोगाचा आहे. दूरच्या दृश्यासाठी तो केवळ प्रकाश कमी करतो, आणि प्रकाश कमी होणे म्हणजे शटर मंद करणे. डोलणाऱ्या नौकेत तेच परवडत नाही.

वाऱ्याचा जोर नसलेली पहाट प्रतिबिंबांसाठी अनुकूल असते. मावळातील पवना जलाशयावर लोहगड, विसापूर, तिकोना व तुंग हे किल्ले पाण्याभोवती दिसतात. सकाळी वारा सुटण्यापूर्वी त्यांची प्रतिबिंबे अखंड मिळतात. विस्तृत कोनाच्या भिंगाने अशा दृश्यात पाणीच फार येते व किल्ला इवलासा होतो. मध्यम लांबीचे, म्हणजे ७० ते १३५ मिमीच्या दरम्यानचे, भिंग वापरल्यास डोंगर आणि त्याचे प्रतिबिंब यांचे प्रमाण डोळ्यांना दिसते तसे राहते.

डोलणे आणि शटर गती

कयाक लांबट व अरुंद असल्यामुळे ती पुढेमागे फारशी हलत नाही, पण डावी-उजवीकडे सहज कलते. यातून एक महत्त्वाचा व बऱ्याचदा दुर्लक्षित नियम निघतो: विषय शक्य तितका नौकेच्या नाकासमोर ठेवावा, बाजूला ठेवू नये.

त्यामागचे गणित सोपे आहे. ४०० मिमी भिंगाचा आडवा दृष्टिकोन पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर सुमारे ५ अंश असतो. चित्राची रुंदी ६,००० पिक्सेल धरली तर एका अंशाला सुमारे १,२०० पिक्सेल येतात. समजा, नौका सेकंदाला ५ अंश या वेगाने कलत आहे आणि तिचे कलणे जसेच्या तसे कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत आहे. कॅमेरा बाजूला रोखलेला असेल तर या कलण्याने चित्र वर-खाली सरकते: १/१००० सेकंदात ६ पिक्सेल, १/२५० सेकंदात २४ पिक्सेल. तोच कॅमेरा समोर रोखलेला असेल तर त्याच कलण्याने चित्र स्वतःच्या मध्याभोवती फक्त फिरते. अशा वेळी कडेच्या बिंदूचे सरकणेसुद्धा १/१००० सेकंदात एका पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी आणि १/२५० सेकंदात साधारण एक पिक्सेल भरते. प्रत्यक्षात छायाचित्रकाराची कंबर व खांदे नौकेचे डोलणे बरेचसे शोषून घेतात. पण दोन्ही दिशांमधला फरक कायम राहतो.

समोरच्या दिशेचा दुसरा लाभ सुरक्षेचा आहे. जड भिंग घेऊन धड बाजूला वळवले की शरीराचा गुरुत्वमध्य नौकेच्या मध्यरेषेवरून ढळतो. एक डोळा कॅमेऱ्याला लावून दुसरा मिटला म्हणजे क्षितिजाचा आधार सुटतो आणि तोल गेल्याचे उशिरा कळते. हौशी मंडळींच्या कयाक उलटण्याचे हे नेहमीचे निमित्त असते. यावर उपाय म्हणजे आधी वल्ह्याने नौका विषयाच्या रोखाने फिरवून घेणे, वल्हे मांड्यांवर आडवे ठेवणे किंवा दोरीने नौकेला बांधणे, कोपर बरगड्यांना टेकवणे आणि मगच कॅमेरा उचलणे. दोन कयाक शेजारी लावून एकाने दुसऱ्याची नौका धरून ठेवली तर स्थैर्य कितीतरी वाढते. अनुभवी मंडळी महत्त्वाच्या चित्रासाठी हाच मार्ग पत्करतात.

लांब भिंगासाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद आणि लहान भिंगासाठी १/५०० सेकंदाच्या आसपास शटर गती हा सर्वसाधारण प्रघात आहे. त्यासाठी संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, वाढवावी लागली तरी चालते. चित्रातील कण सुसह्य असतात, हललेले चित्र मात्र सुधारता येत नाही.

रात्री दीर्घ काळ शटर उघडे ठेवण्याचे तंत्र कयाकमध्ये उलटे वागते. कोकण किनाऱ्यावर काही वेळा, विशेषतः हिवाळ्यात, नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवांमुळे पाणी ढवळले की निळसर चमक दिसते. तिचे चित्र घेण्यासाठी काही सेकंद तरी शटर उघडे लागते. कॅमेरा नौकेला घट्ट बांधला तर नौका, वल्हे व माणूस स्पष्ट येतात, पण किनाऱ्यावरचे दिवे आणि आकाशातील तारे यांच्या रेघा होतात. दोन्ही स्पष्ट हवे असतील तर कॅमेरा किनाऱ्यावर तिपाईवर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

कॅमेऱ्याचे पाण्यापासून रक्षण

कॅमेरे व भ्रमणध्वनी यांच्या जलरोधकतेसाठी आयपी संकेतांक वापरले जातात. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवल्यास आत घातक प्रमाणात पाणी न शिरणे. आयपीएक्स८ म्हणजे उत्पादकाने नमूद केलेल्या त्याहून कठोर परिस्थितीत टिकणे. या चाचण्या नव्या उपकरणावर, स्थिर आणि गोड्या पाण्यात केलेल्या असतात. पडून खरचटलेला फोन, झिजलेले रबर किंवा खाडीचे खारे पाणी यांची हमी संकेतांक देत नाही.

अदलाबदलीची भिंगे असलेले बहुतेक कॅमेरे पूर्ण जलरोधक नसतात. ते तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीत किंवा रबरी कडा असलेल्या कठीण पेटीत ठेवतात. पिशवीचे तोंड किमान तीन वेळा गुंडाळावे लागते आणि आत थोडी हवा राहू द्यावी लागते, म्हणजे पडल्यास ती तरंगते. पहिल्या वापरापूर्वी आत कोरडा कागद ठेवून ती बादलीत दाबून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होय.

कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवणे ही जमिनीवरची सवय कयाकमध्ये धोक्याची ठरते. नौका उलटल्यावर तिच्यात बसलेल्याला पाण्याखालून बाहेर यायचे असते, आणि त्या वेळी गळ्यातला पट्टा वल्ह्यात किंवा नौकेच्या दोरीत अडकू शकतो. म्हणून कॅमेरा तरंगत्या पट्ट्याने मनगटाला किंवा झटक्यात सुटणाऱ्या कडीने जीवरक्षक जाकिटाला जोडतात. जाकीट प्रथम आणि कॅमेरा नंतर, हा क्रम सोडून केलेली बचत कॅमेऱ्याच्या किमतीत मोजता येत नाही.

वातानुकूलित गाडीतून काढलेला थंड कॅमेरा दमट हवेत येताच भिंगावर आतून-बाहेरून बाष्प धरते. तो बंद पिशवीतच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ दिल्यास हे टळते. सिलिका जेलच्या पुड्या पिशवीतली ओल शोषतात, परंतु आधीच भिजलेला कॅमेरा वाळवण्याइतकी त्यांची ताकद नसते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खारे शिंतोडे वाळले की त्यांचे कण भिंगावर ओरखडे पाडतात व धातूला गंज आणतात. त्यामुळे खाडीतून परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसणे हे त्याच दिवशी करायचे काम आहे.

पुणे शहर व परिसर

पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली व पासोड्या विठोबाचा परिसर विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. बुधवार पेठेसह जुन्या पेठांची वस्ती मुठा नदीच्या उजव्या अंगाला वसलेली असून पेठेपासून मुळा व मुठा नद्यांचा संगम सुमारे दोन किलोमीटरवर आहे. मात्र पेठांलगतची मुठा नौकानयनाची नदी नाही. तिच्यातील पाणी खडकवासला धरणातून किती सोडले जाते यावर अवलंबून असते. एरवी उथळ व सांडपाण्याने दूषित असलेला हा प्रवाह पावसाळ्यातील विसर्गाच्या वेळी काही तासांत दुथडी भरून वाहतो. विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर; यावरून दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन लाख लिटर पाणी, हे लक्षात येते. नारायण पेठ व डेक्कन यांना जोडणारा भिडे पूल पाण्याखाली गेल्याचे छायाचित्र पावसाळ्यात वृत्तपत्रांत नेमाने झळकते. हे दृश्य काठावरूनच टिपायचे असते. पुलाचे खांब, वाहून आलेल्या फांद्या व त्यांत अडकलेला कचरा यांतून पाणी जाते, परंतु कयाक व माणूस त्यांना चिकटून दाबले जातात.

संगमानंतरच्या मुळा-मुठेवर बंडगार्डनजवळ सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बांधलेला बंधारा आहे. बंधाऱ्यामागे पाणी साठून राहत असल्यामुळे संगमाच्या आसपास नौकानयन शक्य झाले. १८६८ मध्ये स्थापन झालेला रॉयल कनॉट बोट क्लब आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) बोट क्लब ही या पाण्यावरील जुनी केंद्रे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'रेगाटा' हा वार्षिक नौका महोत्सव १९२८ पासूनच्या परंपरेचा मानला जातो. त्यात विद्यार्थी कयाक, पंट व शेल या निरनिराळ्या नौकांच्या रचना सादर करतात. मशालींचे खेळही होतात. प्रेक्षक काठावर असल्यामुळे काठावरून घेतलेल्या चित्रांत रचनेचा आकार दिसतो. तर पाण्यावरून घेतलेल्या चित्रांत वल्हे मारणाऱ्यांचे चेहरे व श्रम दिसतात. दोन्हींची गंमत वेगळी आहे आणि महोत्सवाचे संपूर्ण दर्शन घडवायचे तर दोन्ही लागतात.

बंधाऱ्याचा धोका वरून पाहणाऱ्याला जाणवत नाही. कयाकमधून पाहताना बंधारा म्हणजे पाण्याची एक सरळ रेषा असते, आणि नेमकी हीच रेषा छायाचित्रकाराला आकर्षक वाटते. तिच्यापलीकडे कोसळणारे पाणी तळाशी जाऊन उलट फिरते व पुन्हा बंधाऱ्याकडे खेचते. या भोवऱ्यात सापडलेली वस्तू बराच काळ तेथेच घोळत राहते आणि जीवरक्षक जाकीट घातलेल्या माणसालाही त्यातून सुटणे कठीण जाते. कॅमेऱ्यात डोळा घालून बसलेल्याची नौका प्रवाहाबरोबर किती सरकली याचे भान राहत नाही; म्हणून बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला चित्रण करताना काठावरचे एखादे झाड खूण म्हणून ठरवून त्यापुढे न जाणे हा साधा उपाय सांगितला जातो. उन्हाळ्याच्या सुमारास मुळा व पवना नद्यांवर पसरणारी जलपर्णी हीदेखील मोठी अडचण आहे. तिच्या गालिच्यात अडकलेली कयाक वल्ह्याने सोडवणे कष्टाचे असते.

खडकवासला जलाशय शहरापासून जवळ असला तरी तो शहराच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे, आणि त्याच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) ही लष्करी संस्था आहे. प्रबोधिनीच्या छात्रांचे जलप्रशिक्षण जलाशयाच्या पीकॉक बे या भागात होते. लष्करी हद्दीत छायाचित्रणास मनाई असते आणि पाण्यावर हद्दीची रेषा आखलेली नसते, याची जाणीव येथे ठेवावी लागते.

बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर आहे, तसेच मानाच्या दुसऱ्या तांबडी जोगेश्वरी गणपतीचे स्थानही आहे. अनंत चतुर्दशीला पेठांतील गणपतींचे विसर्जन मुठेच्या घाटांवर व घाटांलगतच्या हौदांत होते. पाण्याच्या बाजूने पाहिल्यास मूर्ती, दिवे आणि पायऱ्यांवरची गर्दी एकाच चौकटीत येते, म्हणून या दृश्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु त्या दिवशी नदीत असणाऱ्या नावा जीवरक्षकांच्या असतात. खासगी कयाक त्यांच्या कामात अडथळा ठरते.

उजनी जलाशय आणि पक्षी

पुण्यातून वाहणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनी धरणात अडते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा जलाशय पुणे व सोलापूर या जिल्ह्यांत पसरला आहे. पुण्याहून सुमारे १०० किलोमीटरवरील भिगवण, कुंभारगाव व डिकसळ येथील उथळ पाणी हिवाळ्यात पक्ष्यांनी गजबजते. रोहित (अग्निपंख), पट्टकदंब, चित्रबलाक, शेकाट्या, कुरव व मासेमार कैकर हे पक्षी येथे दिसतात. स्थानिक मच्छीमार छायाचित्रकारांना आपल्या होड्यांतून नेतात. कोणता पक्षी कोणत्या वेळी कोठे असतो आणि कोणत्या अंतरावर उडतो, याचे त्यांचे ज्ञान पुस्तकात मिळत नाही.

कयाकचा शांतपणा पक्ष्यांना त्रासदायक नसतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मोटरबोट लांबूनच ऐकू येते व पक्ष्यांना दूर होण्यास वेळ मिळतो. कयाक मात्र नकळत जवळ पोहोचते आणि मग थवा एकदम उडतो. शिवाय मोटरबोट जेथे जाऊ शकत नाही अशा वीतभर पाण्यातही कयाक शिरते, आणि रोहित पक्ष्यांची चरण्याची जागा नेमकी तीच असते. शिकारीसाठी घडलेली नौका शिकारीच्या गुणांसह येते, हे येथे विसरता येत नाही.

पक्षी उडण्यापूर्वी सूचना देतात. रोहित चरताना चोच उलटी करून डोके पाण्यात घालतो. थव्यातील बरेच पक्षी एकाच वेळी माना वर करू लागले, चरणे थांबले किंवा सगळे एका दिशेने चालू लागले, की नौका आवश्यकतेपेक्षा जवळ आली असे समजावे. त्या क्षणी वल्हे थांबवून वाऱ्याबरोबर मागे सरकणे योग्य ठरते. पक्ष्यांच्या रोखाने सरळ न जाता तिरके जाणे, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन मग वल्हे न मारता वाहत येणे, हे सर्वांत कमी बाधा आणणारे मार्ग मानले जातात. थवा मुद्दाम उडवून त्याचे चित्र घेण्याची प्रथा दुर्दैवाने लोकप्रिय आहे. पट्टकदंब हिवाळा संपताच हिमालय ओलांडून मध्य आशियाकडे परततात. त्या प्रवासासाठी साठवलेली ऊर्जा प्रत्येक निष्कारण उड्डाणात खर्ची पडते.

जलाशयाची पातळी सिंचनासाठी पाणी सोडल्यावर उतरते. पळसदेव येथील बुडालेले प्राचीन मंदिर अशा वेळी पाण्याबाहेर येते व ते छायाचित्रकारांचे आवडते ठिकाण आहे. पाणी उतरत असताना जुन्या गावांच्या भिंती, वाळलेली झाडे आणि मासेमारीची जाळी पृष्ठभागाच्या किंचित खाली असतात. जाळे तोडले गेल्यास नुकसान मच्छीमाराच्या रोजीरोटीचे होते. म्हणून जाळ्यांच्या तरंगत्या खुणा ओळखणे हाही येथील छायाचित्रकाराच्या शिक्षणाचा भाग होय.

कोकण आणि गोवा

मालवण तालुक्यातील तारकर्ली-देवबाग येथे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आहे. नदीच्या बाजूचे पाणी संथ असल्यामुळे ते कयाकला अनुकूल आहे. नदीमुखाशी मात्र ओहोटीच्या वेळी बाहेर जाणारा प्रवाह समुद्राच्या लाटांना समोरून भिडतो आणि लाटा अचानक उंच होतात. भरती-ओहोटीचे चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असल्यामुळे तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी सुरक्षित वाटलेली वेळ आठवड्याने तशीच राहत नाही.

कांदळवनात छायाचित्रकार आणि नौका यांच्या गरजा परस्परविरुद्ध असतात. कांदळाची हवेत वाढणारी मुळे, चिखलातील खेकडे आणि निवट्या हे चित्रणाचे विषय ओहोटीला उघडे पडतात. तर कयाकला आत शिरण्यास भरती हवी असते. ओहोटीची वाट पाहत आत थांबल्यास कयाक चिखलात रुतते आणि तो चिखल पायी ओलांडता येत नाही. त्यामुळे भरती अर्धी चढलेली असताना, मुळांची टोके अजून पाण्याबाहेर असतानाच आत जाणे व पाणी वाढत असताना चित्रण करणे हा सुवर्णमध्य ठरतो.

गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. मांडवी व जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. त्या पाहण्यासाठी मोठ्या होड्यांतून फेऱ्या निघतात. पाण्यालगत बसवणारी कयाक या कामासाठी योग्य नाही.

कायदा आणि परवानग्या

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवान्याची आवश्यकता असते. याच अधिनियमातील 'शिकार' या संज्ञेच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना बाधा आणणे अंतर्भूत आहे. घरट्याच्या जवळून चित्र घेण्यासाठी फांद्या बाजूला करणे हेही त्यामुळे कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. मालवणचा समुद्र, ठाणे खाडी व चोडण येथील काही क्षेत्रे संरक्षित आहेत. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तिचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्यानुसार कयाक भाड्याने देणाऱ्या व सहली नेणाऱ्या व्यावसायिकांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे. धरणांच्या जलाशयांवर याखेरीज जलसंपदा विभागाचे निर्बंध लागू होतात. घाटांवर स्नान करणाऱ्या, कपडे धुणाऱ्या किंवा अस्थिविसर्जनासाठी आलेल्या व्यक्तींच्या बाबतीत संमतीचा प्रश्न उरतो. घाटावरच्या माणसाला पाण्याच्या बाजूने कोणी पाहत असेल अशी अपेक्षा नसते, त्यामुळे कयाकमधून घेतलेल्या अशा चित्रांसाठी आधी हाक देऊन विचारणे आवश्यक ठरते.